विमानाची वीज आणि तिचा कारागीर

सोलापूर हें गिरण्यांचें शहर. १८७७ सालीं येथें पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढें लोक तिला जुनी गिरणी या नांवानें ओळखूं लागले. तेव्हांपासून कित्येक पिढ्या या शहराचा दिवस भोंग्यावर उगवला आणि भोंग्यावरच मावळला. ज्या शहरानें यंत्राशीं एवढा संसार केला, त्याला यंत्राची एक खोड जवळून ठाऊक असते. यंत्र नीट चालत असतें तोंवर त्याच्या कारागिराची आठवण कोणाला होत नाहीं. तें अडलें म्हणजे मात्र त्याला हांका सुरू होतात. मागावरचा धागा तुटला तर विणकर तो जोडतो, माग बिघडला तर जॉबर येतो. फार झालें तर चार वार कापड वायां जातें. परंतु जें यंत्र जमिनीपासून हजारों फूट उंचीवर चालत असतें, तेथें माग थांबवून जॉबरला बोलावतां येत नाहीं. त्यानें आपलें काम आदल्या रात्रींच पुरें केलेलें असावें लागतें. विमानाच्या विजेचा आणि उपकरणांचा जो कारागीर असतो, त्याच्या धंद्याची सारी कठीणता एवढ्या एका गोष्टींत आहे.

विमान म्हटलें कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें वैमानिक उभा राहतो. त्याच्या खालोखाल इंजिनाचा घरघराट आठवतो. पण विमानाच्या पोटांत वीज खेळते, आणि तिच्यावर केवळ दिवे आणि पंखे नव्हेत, तर वैमानिकाचें सारें ज्ञान अवलंबून असतें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. विमान किती उंचीवर आहे, किती वेगानें जात आहे, त्याचें नाक वर आहे कीं खालीं, डावा पंख झुकला आहे कीं उजवा, जमिनीवरून कोण काय सांगत आहे, या सर्व गोष्टी त्याला उपकरणांच्या द्वारें कळतात. शरीराची उपमा द्यावयाची तर इंजिन हें विमानाचें हृदय, आणि हीं उपकरणें व त्यांच्या तारा म्हणजे त्याचीं ज्ञानेंद्रियें आणि मज्जातंतु. हृदयाचा वैद्य निराळा, डोळ्यांचा वैद्य निराळा. तद्वत् विमानांतहि इंजिनाचा कारागीर निराळा आणि उपकरणांचा निराळा. या दुसऱ्या विद्येला आतां जगभर एव्हिऑनिक्स असें नांव पडलें आहे.

सोलापूरकरांनीं या कारागिराविषयीं आस्था बाळगावी याला एक विशेष कारण आहे. हिंदुस्थानांत विमानांचा पहिला कारखाना ज्यांच्या खटपटीनें निघाला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरांत झाला. रेल्वेचीं कंत्राटें, घाटांतले बोगदे, आगबोटी, साखर अशा एकामागून एक धंद्यांत त्यांनीं हात घातला. १९३९ च्या ऑक्टोबरांत पॅसिफिक महासागरावरून विमानानें प्रवास करीत असतां त्यांची गांठ विल्यम पॉले या अमेरिकन गृहस्थाशीं पडली. पॉले यांचा चीन देशांत विमानें जुळविण्याचा कारखाना होता. प्रवासांत शेजाऱ्याशीं गप्पा मारून वेळ घालविणारे लोक पुष्कळ असतात. वालचंदांनीं त्या गप्पांतून एक कारखाना उभा केला. २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. म्हैसूर संस्थानानें जमीन दिली, आणि वालचंदांच्या बरोबरीनें पंचवीस लाख रुपयांचें भांडवलहि घातलें. १९४१ सालीं हार्लो जातीचें शिकाऊ विमान तेथें जुळवून उडविण्यांत आलें. १९४२ सालीं कर्टिस हॉक हें लढाऊ विमान आकाशांत गेलें. त्याच वर्षीं युद्धाची निकड ओळखून हिंदुस्थान सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि ज्या सोलापूरकरानें हें रोप लावलें होतें तो त्याच्या मालकींतून बाहेर पडला. रोप मात्र जगलें.

तें कसें जगलें, हें या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. नवीं विमानें बांधण्याचा संकल्प युद्धाच्या धामधुमींत मागें पडला, आणि रणांगणावरून खिळखिळीं होऊन आलेलीं विमानें दुरुस्त करण्याचें काम तेथें मोठें झालें. १९४३ सालीं अमेरिकेच्या हवाई सैन्यानें कारखान्याची व्यवस्था हातीं घेतली. निरनिराळ्या जातींचीं विमानें उघडावयाचीं, तपासावयाचीं आणि पुन्हां उडण्याजोगीं करावयाचीं, असा तो क्रम होता. बांधणाऱ्याला यंत्र जसें असावें तसें दिसतें. दुरुस्त करणाऱ्याला तें जसें झिजतें, गंजतें, घांसतें आणि दगा देतें तसें दिसतें. दुसरें ज्ञान पहिल्याहून कमी मोलाचें नाहीं. याच कारखान्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनीं एच. टी. २ हें शिकाऊ विमान रचलें, व तें १९५१ च्या ऑगस्टांत उडालें. पुढें मिग विमानें देशांत बांधण्याचें ठरलें, तेव्हां कामाची वांटणी मोठी बोधप्रद झाली. विमानाचें शरीर नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसांत कोरापुटला आणि विद्युत्-उपकरणें हैदराबादेला. म्हणजे विमानाचीं ज्ञानेंद्रियें हा एक स्वतंत्र कारखाना काढण्याएवढा मोठा विषय आहे, हें १९६० नंतरच्या त्या वर्षांत सर्वांना पटलें होतें. १ ऑक्टोबर १९६४ रोजीं हे सर्व कारखाने एकत्र होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही आजची कंपनी झाली.

आरंभीं अशी स्थिति नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे पस मॉथ जातीच्या लहानशा विमानांतून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्या विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. खालचा किनारा, नद्या आणि रेल्वेचे रूळ पाहून वाट काढावयाची, आणि ढग आडवे आले तर देवाचें नांव घ्यावयाचें, असा तो काळ होता. त्या विमानाची विद्युत्-व्यवस्था एका माणसाला एका सकाळींत तपासतां आली असती. आज तेंच काम करण्यास कारागिरांची टोळी लागते, आणि तीहि पुस्तक पुढें ठेवून काम करते.

ही वीज येते कोठून? विमानाला खांबावरून तार ओढतां येत नाहीं. तें जमिनीवर उभें असतां एखाद्या गाडीवरील जनित्रापासून वीज घेतें. आकाशांत मात्र त्याचें घर त्यालाच उजळावें लागतें. इंजिनाला जोडलेलीं जनित्रें फिरतात आणि वीज निर्माण करतात. लहान शहरांच्या मार्गावर चालणाऱ्या ए. टी. आर. जातीच्या विमानांत तर मोठी गमतीची सोय असते. ज्या यंत्रानें आरंभीं इंजिन फिरवून सुरू करावयाचें, तेंच यंत्र इंजिन चालूं झाल्यावर उलट वीज देऊं लागतें. म्हणजे आधीं बॅटरीचें ऋण काढावयाचें आणि मग तें व्याजासह फेडावयाचें. अशीं जनित्रें दोन असतात, कारण एक बंद पडलें तर दुसऱ्यानें संसार चालवावा. दोन्ही बंद पडलीं तर बॅटरी आहेच. पण ती घरांतल्या साठवणीच्या धान्यासारखी. अडीअडचणीला पुरेल, वर्षभर पुरणार नाहीं. कांहीं मोठ्या विमानांत यापुढचीहि तरतूद असते. सर्व उपाय थकले म्हणजे विमानाच्या पोटांतून एक लहानशी पवनचक्की बाहेर पडते, आणि धांवत्या वाऱ्यावर फिरून अगदीं आवश्यक उपकरणांपुरती शक्ति पुरविते.

घरांतील वीज २३० व्होल्टची असते, आणि तिचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तनें करतो. बहुतेक मोठ्या विमानांत ती ११५ व्होल्टची असते व आवर्तनें चारशें असतात. हा भेद कां, असा प्रश्न शाळेंतील चलाख मुलगा खचित विचारील. उत्तर असें कीं, आवर्तनें वाढविलीं म्हणजे तेवढ्याच कामाचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर पुष्कळ लहान व हलकी करतां येते. आणि विमानांत प्रत्येक शेर वजनाचा हिशेब इंधनांत चुकवावा लागतो. त्याच काटकसरीनें आणखी एक युक्ति काढली आहे. धातूच्या विमानांत वीज जाण्याला तार असते, परतण्याला मात्र पुष्कळ ठिकाणीं विमानाचें अंगच वापरतात. म्हणून जेथें तार त्या अंगाला जोडलेली असते, तो सांधा निर्मळ आणि घट्ट असावा लागतो. तेथें थोडासा गंज चढला तर दूरच्या एखाद्या उपकरणाचा कांटा डळमळूं लागतो, आणि दोष एकीकडे व दुःख दुसरीकडे अशी गत होते.

आतां तारांचा पसारा पाहावा. बोइंग ७४७ या विमानाच्या ४०० या उपजातींत सुमारें २७४ किलोमीटर लांबीच्या तारा असतात. सोलापूरहून निघून पुण्याला पोंचून वर कांहीं उरेल एवढी ही लांबी. एअरबस ए. ३८० या प्रचंड विमानांत ती पांचशें किलोमीटरांच्याहि पुढें जाते. याच विमानानें तारांचें माहात्म्य जगाला मोठी किंमत मोजून शिकविलें. त्याचे भाग जर्मनींत हॅम्बुर्गला आणि फ्रान्समध्यें तुलूझला तयार होत. दोन्हीकडील आराखडे काढणारे लोक एकाच संगणक-साधनाच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते. परिणाम असा झाला कीं, जुळविण्याची वेळ आली तेव्हां तारांचे जुडगे आंखूड पडले. २००६ सालीं ही गोष्ट उघडकीस आली. विमान गिऱ्हाइकाच्या हातीं पडण्यास सुमारें दोन वर्षांचा उशीर झाला आणि अब्जावधींचें नुकसान झालें. पंख चुकले नव्हते, इंजिन चुकलें नव्हतें. चुकली होती ती तारेची थोडीशी लांबी.

या पसाऱ्यांत दोष हुडकणें हें काम वैद्यकीसारखें आहे, आणि वैद्यकीप्रमाणेंच त्यांत पुस्तकी ज्ञानापेक्षां धीराची परीक्षा अधिक. कित्येक दोष आकाशांत प्रकट होतात व जमिनीवर लपतात. वर कडाक्याची थंडी असते, हादरे बसत असतात. तेवढ्यांत एखाद्या जोडणीची पिन आपली जागा किंचित् सोडते आणि दिवा विझतो. खालीं उतरल्यावर ऊब लागते, पिन जागेवर येते, दिवा पुन्हां लागतो. वैद्य दारांत आला कीं ताप उतरावा, तसा हा प्रकार. अशा वेळीं उतावळा कारागीर उपकरणाची पेटी काढून दुसरी बसवितो, आणि दोष गेला असें मानून मोकळा होतो. जाणता कारागीर तारेच्या मागें लागतो. आरसा, विजेरी आणि मापकयंत्र घेऊन तो त्या अरुंद पोकळींत शिरतो. जेथें तार पट्टीला घांसते, जेथें वंगण किंवा पाणी ठिबकतें, जेथें मागील कामाचा धातूचा कीस राहिला आहे, त्या जागा पाहतो. तारेच्या आवरणावर नखाएवढा ओरखडा असला तरी तो तेथें थांबतो.

नखाएवढ्या ओरखड्याला एवढें महत्त्व कां, हें २ सप्टेंबर १९९८ च्या रात्रीं दिसून आलें. न्यूयॉर्कहून जिनीव्हाला निघालेलें स्विसएअर कंपनीचें विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्यापाशीं समुद्रांत कोसळलें आणि त्यांतील २२९ माणसें मरण पावलीं. चौकशी कांहीं वर्षें चालली. वैमानिकांच्या खोलीच्या छतावर, जेथें कोणाची दृष्टि जात नाहीं अशा जागीं, तारेंतून ठिणगी उडाली होती; आणि भोंवतालच्या आच्छादनानें पेट घेतला होता. तपासांत जी तार संशयास पात्र ठरली ती प्रवाशांच्या करमणुकीच्या यंत्रणेशीं संबंधित होती. चित्रपट दाखविण्यासाठीं ओढलेल्या तारा आणि विमान चालविण्यासाठीं ओढलेल्या तारा शेजारींच नांदत असतात. यांतील एकीला दुय्यम मानून चालत नाहीं, कारण विस्तव असा भेद करीत नाहीं. २०१३ च्या जानेवारींत बोइंग ७८७ विमानांच्या नव्या जातीच्या बॅटऱ्या पेटूं लागल्या, तेव्हां जगांतील तीं सर्व विमानें, एअर इंडियाचीं धरून, कित्येक आठवडे जमिनीवर उभीं करावीं लागलीं, तीहि याच विस्तवाच्या भीतीनें.

परंतु विझलेला दिवा किंवा उडालेली ठिणगी यांहूनहि भयंकर अशी एक गोष्ट या धंद्यांत आहे. ती म्हणजे खोटें बोलणारें उपकरण. बंद पडलेलें उपकरण आपण बंद आहों हें तरी प्रामाणिकपणें सांगतें. खोटें बोलणारें उपकरण खऱ्याचा चेहरा करून बोलतें, आणि रात्रीच्या अंधारांत, समुद्रावर, जेथें क्षितिज दिसत नाहीं तेथें, वैमानिकाला त्याच्यावांचून दुसरा साक्षीदार नसतो.

याचीं दोन उदाहरणें आहेत, आणि दोन्ही रात्रीचीं व समुद्रावरचीं आहेत. २ ऑक्टोबर १९९६ रोजीं पेरू देशांतील लिमा शहराहून एरोपेरू कंपनीचें विमान उडालें. विमानाच्या अंगावर लहान छिद्रें असतात. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब मोजला जातो, आणि त्यावरून उंची व वेग यांचे आंकडे निघतात. विमान धुतांना व घांसतांना पाणी आंत जाऊं नये म्हणून डाव्या बाजूच्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती. काम झाल्यावर ती काढावयाची राहिली. विमान वर गेलें, आणि कांटे वाटेल तें बोलूं लागले. एकाच वेळीं वेग फार झाल्याचा आणि वेग फार कमी झाल्याचा इशारा मिळूं लागला. आपण पुरेसे उंच आहों असें वैमानिक समजत होते, आणि खालीं पाणी जवळ येत होतें. ७० माणसें गेलीं. इंजिनें शेवटपर्यंत ठीक होतीं. विमानाला कांहींहि झालें नव्हतें, असें म्हटलें तरी चालेल. एक चिकटपट्टी राहिली होती.

दुसरें उदाहरण आपल्या मुंबईचें आहे. १ जानेवारी १९७८ हा नव्या वर्षाचा पहिला दिवस. रात्रीं साडेआठनंतर सांताक्रूझच्या विमानतळावरून एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ हें बोइंग ७४७ विमान दुबईला जाण्यासाठीं निघालें. समुद्रावर येतांच तें ठरल्याप्रमाणें उजवीकडे वळलें आणि पुन्हां सरळ झालें. परंतु मुख्य वैमानिकासमोरचें कल दाखविणारें उपकरण बिघडलें होतें. विमान सरळ झालें तरी तें उजवीकडे झुकल्याचेंच सांगत राहिलें. बाहेर काळाकुट्ट अंधार. वैमानिकानें त्या उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवीत नेलें. विमानांत अशीं तीन उपकरणें होतीं. एक खोटें बोलत होतें, आणि तुलना करून सत्य ओळखण्याला जो अवधि लागतो तो मिळाला नाहीं. उड्डाणानंतर दोन मिनिटेंहि झालीं नव्हतीं, तोंच तें विमान वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रांत पडलें. २१३ माणसें त्यांत होतीं. एकहि वांचलें नाहीं. चौकशींत असें ठरलें कीं, उपकरण बिघडल्यामुळें वैमानिकाला विमानाच्या स्थितीचें भान राहिलें नाहीं, आणि इतर उपकरणांच्या आधारें विमान सांवरण्यांत आलें नाहीं. त्यांत कारागिराचा अपराध ठरला होता असें नव्हे. पण आपल्या हाताखालून जाणाऱ्या त्या वाटोळ्या तबकडीवर किती जणांचा विश्वास टांगलेला असतो, हें प्रत्येक कारागिरानें त्या रात्रीवरून समजून घ्यावें.

म्हणून या धंद्याचे नियम बाहेरच्या माणसाला कधीं कधीं पोरकट वाटतात, ते तसे नाहींत. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृति काढलेली असते. पाळी संपतांना एखादी आकृति रिकामी दिसली, तर तें हत्यार सांपडेपर्यंत विमान सोडीत नाहींत, मग तें दोन बोटांचें पेंचकस कां असेना. जीं कामें जिवावरचीं आहेत, तीं एकानें केल्यावर दुसऱ्यानें स्वतंत्रपणें तपासावयाचीं असतात. यांत पहिल्याचा अपमान होत नाहीं. जें लिहिलें नाहीं तें केलें नाहीं, असें समजण्याची रीत आहे. आणि सर्वांत चमत्कारिक नियम म्हणजे पाठांतराला बंदी. शाळेंत जो मुलगा पुस्तक मिटून घडाघडा म्हणतो, त्याला शाबासकी मिळते. येथें शंभर वेळां केलेलें काम एकशें एकाव्या वेळींहि पुस्तक उघडूनच करावयाचें असतें. कारण पुस्तकांतलें एखादें पान मध्यंतरीं बदललेलें असतें, आणि स्मरणशक्ति मात्र जुन्याच पानावर असते.

काम संपलें म्हणजे सही करावयाची. ही सही ज्याला परवाना आहे त्यालाच करतां येते, आणि तिचा अर्थ असा कीं, हें विमान उडण्यास योग्य आहे. पहांटे तीन वाजले आहेत, विमान सहाला सुटावयाचें आहे, वरिष्ठ घड्याळाकडे पाहत आहेत, आणि एका कनेक्टरविषयीं मनांत बारीकशी शंका आहे. अशा वेळीं सही न करण्याला जें धैर्य लागतें, तें वैमानिकाच्या धैर्याहून कमी नसतें. फरक इतकाच कीं, वैमानिकाचें धैर्य लोकांना दिसतें. ज्यानें सही नाकारली व विमान दोन तास अडवून ठेवलें, त्याच्या वांट्याला प्रवाशांचा त्रागा येतो. त्यानें कोणता अपघात टाळला हें कोणालाहि कळत नाहीं, कारण न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाहीं.

सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्यांचे आजोबा मागावर उभे राहत अशीं किती तरी मुलें कामासाठीं पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरूं लागलीं. त्यांना हा धंदा अप्राप्य नाहीं. बारावीपर्यंत पदार्थविज्ञान, रसायन व गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त संस्थेंत शिक्षण घेऊन, पुढें प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळवून, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देतां येतात. उपकरणांच्या शाखेच्या परवान्याला बी-२ असें म्हणतात. ज्याला लौकर मिळवतें व्हावयाचें आहे, त्याला औद्योगिक शिक्षण संस्थेंतून निघून ओझरच्या कारखान्यासारख्या ठिकाणीं उमेदवारी करतां येते. ओझरला मिग विमानें झालीं, पुढें सुखोई झालीं, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं तेजस हें देशी बनावटीचें विमान तेथून उडालें. जेथें विमान आहे तेथें तार आहे, आणि जेथें तार आहे तेथें तिच्या कारागिराची गरज आहे. हा मार्ग मुलांना आहे तसाच मुलींनाहि आहे.

पण पालकांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्यात. पहिली, या परीक्षांत उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७५ गुण लागतात. शाळेंत पस्तीस गुणांवर मुलगा वरच्या वर्गांत जातो, आणि उरलेले पासष्ट कोणी विचारीत नाहीं. विमानांत त्या न आलेल्या पासष्टांना फार महत्त्व आहे. दुसरी गोष्ट भाषेची. विमानाचीं सर्व पुस्तकें इंग्रजींत असतात. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला तेथें सुरुवातीला धाप लागते. त्यानें डगमगण्याचें कारण नाहीं. तीं पुस्तकें अलंकारिक इंग्रजींत लिहिलेलीं नसतात. थोडे शब्द, आंखूड वाक्यें, आणि प्रत्येक शब्दाचा एकच अर्थ, अशी त्यांची घडण असते. ज्याला आपल्या भाषेंतलें वाक्य नीट वाचून त्याचा नेमका अर्थ सांगतां येतो, त्याला तें इंग्रजी सहा महिन्यांत वश होतें. ज्याला आपल्याच भाषेंतलें वाक्य अर्धें वाचून पुढें जाण्याची संवय आहे, त्याला मात्र कोणतीच भाषा उपयोगी पडणार नाहीं.

सोलापूरला विमानतळ पुष्कळ वर्षांपासून आहे. विमानें मात्र नियमानें येत नव्हतीं. विमानाच्या वाटेंत येणारें साखर कारखान्याचें उंच धुराडें मोठ्या वादानंतर १५ जून २०२३ रोजीं पाडण्यांत आलें. ९ जून २०२५ रोजीं गोव्याची विमानसेवा सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबईचीहि सुरू झाली. वालचंदांनीं बंगळुरास कारखाना काढल्याला तेव्हां जवळजवळ पंचाऐंशी वर्षें झालीं होतीं.

विमान सुटण्याच्या वेळीं खिडकीपाशीं बसणाऱ्या प्रवाशानें एकदां खालीं पाहावें. कानांवर आवाज अडविण्याचीं झांकणें घातलेला, अंगांत चमकत्या रंगाची बंडी चढविलेला एक माणूस विमानापासून कांहीं अंतरावर उभा असतो. विमान जमिनीवर उभें असतां त्याच्या चाकांना जे खिळे व छिद्रांना जीं झांकणें लावतात, त्यांना लांब लाल फिती असतात. विमान हलण्यापूर्वीं तो काढलेली लाल फीत हातांत उंच धरून वैमानिकाला दाखवितो. काढावयाचें होतें तें काढलें आहे, मागें कांहीं राहिलें नाहीं, एवढाच त्या खुणेचा अर्थ. वैमानिक आंतून हात वर करतो. मग विमान पुढें सरकतें, आणि तो माणूस तें दिसेनासें होईपर्यंत तेथेंच उभा राहतो.